कुत्रा आणि बदक एकत्र ठेवताना सगळे विचारतात ते प्रश्न

आमच्याकडे काळू नावाचा कुत्रा आहे आणि पमी नावाचं बदक आहे, पमी मादी आहे म्हणून मी तिला ‘ती’च म्हणते. गेली सात वर्षं दोघं एकत्र आहेत. त्यांचे फोटो बघून लोक खूप प्रश्न विचारतात आणि बरेचसे तेच तेच असतात, म्हणून सगळी उत्तरं एकदाच सविस्तर लिहून ठेवतेय. एक गोष्ट मात्र आधीच सांगते, जवळजवळ प्रत्येक प्रश्न कुत्र्याबद्दल असतो. माझा कुत्रा ऐकेल का, माझा कुत्रा चावेल का, माझ्या कुत्र्याला आवडेल का. बदकाला काय वाटतंय हे फार कमी लोक विचारतात, आणि माझ्या मते सगळं तिथेच ठरतं.

कुत्रा आणि बदकाची खरंच मैत्री होते का, की ते व्हिडिओपुरतंच असतं?

होते, अगदी खरी होते. इंग्लंडमधल्या माउंटफिचेट कॅसलमध्ये फ्रेड नावाचा लॅब्रेडॉर होता, २०१८ मध्ये आई नाहीशी झालेली बदकाची नऊ पिल्लं त्यानं जवळ केली. कोणी शिकवलं नव्हतं. पिल्लं त्याच्या पाठीवर बसायची, त्याच्या मागे मागे फिरायची, आणि फ्रेड तेव्हा चांगला १० वर्षांचा होता. अमेरिकेत मिनेसोटात मॅक्स नावाचा हस्की आणि क्वॅकर्स नावाचं बदक यांची जोडी २०१६ मध्ये खूप गाजली, दोघं रस्त्याच्या कडेनं सोबत फिरायचे आणि झोपायचेही शेजारी शेजारी.

पण दोघं एका फोटोत आहेत म्हणजे मैत्री आहे असं मी म्हणणार नाही. मी एकच बघते, दोघांनाही निघून जायला मोकळी जागा असताना ते एकमेकांजवळ येऊन बसतात का. कोपऱ्यात अडकलेलं बदक पण फोटोत शांतच दिसतं हो.

इतके वेगळे प्राणी, मग हे जमतं तरी कसं?

दोघांच्याही लहानपणात एक काळ असतो जेव्हा ‘आपलं कोण’ हे डोक्यात पक्कं बसतं. बदकाच्या पिल्लाचा हा काळ फार छोटा असतो. अंड्यातून बाहेर आल्यावर पहिल्या दिवसभरात जे हलताना, आवाज करताना दिसेल त्याच्या मागे ते चालायला लागतं. याला इम्प्रिंटिंग म्हणतात. कोंबडीच्या पिल्लांमध्ये हे डग्लस स्पॉल्डिंग या अभ्यासकाने १८७३ मध्येच लिहून ठेवलं होतं, पण नाव झालं ते प्राण्यांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या कोनराड लोरेन्झ यांचं, त्यांच्या मागे हंसांची पिल्लं रांगेनं चालायची, १९७३ चं नोबेल मिळालेल्या तिघांपैकी ते एक. पुढे एकहार्ड हेस यांनी मॅलार्ड बदकांवर प्रयोग केले तेव्हा दिसलं की साधारण १३ ते १६ तासांचं पिल्लू असताना ही छाप सगळ्यात घट्ट बसते. तासांचं म्हणतेय, दिवसांचं नाही!

कुत्र्याच्या पिल्लाचा असा काळ साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बारा-चौदा आठवड्यांपर्यंत असतो. या दिवसांत त्याने बदक बघितलं, त्याचा वास घेतला, आवाज ऐकला, तर पुढे बदक त्याला घरातलंच वाटायला लागतं.

त्यात आणखी एक मजेशीर गोष्ट आहे, बदकालाही कुत्र्याबद्दल कुतूहल असतं. नोव्हा स्कोशिया डक टोलिंग रिट्रीव्हर नावाची एक जातच आहे जिला शिकारी लोकांनी तयार केलं ते काठावर उड्या मारायला, कारण कुत्रा असा बागडताना दिसला की पाण्यातली बदकं हे काय चाललंय बघायला जवळ येतात. तिथे त्या कुतूहलाचा शेवट वाईट व्हायचा. पण कुतूहल खरंच असतं, आणि मैत्रीची सुरुवात कित्येकदा बदकच करतं हे मी घरात बघितलंय. पमी आली तेव्हा काळू तिच्यापासून लांब सरकून बसायचा, तीच त्याच्या शेपटीचे केस चोचीनं ओढत बसायची.

माझा कुत्रा मोठा आहे, आता उशीर झाला का?

नाही झाला. पमी आली तेव्हा काळू चार वर्षांचा होता. मोठ्या कुत्र्याला वेळ जास्त लागतो एवढंच, आणि त्याचा आधीचा इतिहास माहीत हवा. ज्या कुत्र्याने आधी कोंबडी, कबूतर, खार असं काही मारलंय त्याच्यासोबत बदक मोकळं ठेवायचा हट्ट करू नका, कितीही शहाणा असला तरी. मला माहितीये हे ऐकायला वाईट वाटतं, पण इथे चूक झाली तर किंमत बदक मोजतं.

कोणत्या जातीचा कुत्रा घ्यावा?

आधी हे समजून घ्या की कुत्र्याच्या शिकारीचे टप्पे असतात. टक लावून बघणं, दबा धरून पुढे सरकणं, पाठलाग, पकडणं, मारणं, फाडणं. वेगवेगळ्या कामांसाठी माणसाने यातले काही टप्पे वाढवले आणि काही दाबून टाकले. बॉर्डर कॉलीमध्ये बघणं आणि दबकणं भरपूर, चावणं कमी, म्हणून तर मेंढ्यांच्या आधी त्यांना रनर जातीच्या बदकांच्या कळपावर शिकवतात. रिट्रीव्हर लोकांचं तोंड मऊ, त्यांना पडलेला पक्षी न फोडता उचलून आणायला तयार केलंय, म्हणजे ते बदकाला बहुतेक फाडणार नाहीत पण उचलून तुमच्याकडे आणून देतील, आणि जिवंत बदकासाठी तेही भयंकरच आहे. टेरियर आणि हाउंड या शिकारी जातींमध्ये पाठलागाची आणि पकडण्याची ओढ जबरदस्त असते, तिथे मी स्वतः फार जपून राहीन.

सगळ्यात वेगळे म्हणजे राखणीचे कुत्रे, जसे मरेमा. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यात वॉर्नंबूल गावाजवळ मिडल आयलंड नावाचं छोटं बेट आहे, ओहोटी आली की कोल्हे चालत तिथे जायचे आणि तिथले लहान जातीचे पेंग्विन मारायचे, २००५ पर्यंत शेकडो पेंग्विनमधून दहासुद्धा उरले नव्हते. मग कोंबड्यांची राखण मरेमा कुत्र्याकडून करून घेणाऱ्या एका शेतकऱ्याने ही कल्पना सुचवली आणि २००६ पासून मरेमा कुत्रे तिथे राखणीला ठेवले. पेंग्विन पुन्हा वाढले. पक्ष्याला खाणारा नव्हे तर पक्ष्याला वाचवणारा कुत्रा असतो याचा यापेक्षा चांगला दाखला मला तरी माहीत नाही. पण हे कुत्रेसुद्धा पिल्लूपणापासून पक्ष्यांमध्ये वाढवावे लागतात, जन्मतः कोणी शिकून येत नाही.

आणि काळू? काळू कुठल्याच जातीचा नाही, साधा मिश्र कुत्रा आहे. जातीपेक्षा तो एकटा कुत्रा कसा आहे तेच शेवटी बघायचं.

पहिली ओळख कशी करून द्यायची?

घाई करू नका. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि सगळ्यांना एका दुपारीत उरकायचं असतं. आम्हाला सहा आठवडे लागले.

पहिला आठवडा फक्त वास आणि आवाज. बदकाच्या खालचं अंथरूण कुत्र्याला हुंगायला द्या, बदक जाळीच्या आत, कुत्रा बाहेर, मध्ये भरपूर अंतर. जाळी अशी हवी की कुत्र्याचं नाक आत जाणार नाही आणि बदकाची मान बाहेर येणार नाही. बदकाला जाळीच्या आत लपायला आडोसा हवाच हवा, नाहीतर त्याला दिवसभर एक शिकारी प्राणी समोर बघत बसावं लागतं. कुत्रा जाळीकडे बघून मग स्वतःहून तुमच्याकडे वळला की लगेच शाबासकी आणि खाऊ. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, शाबासकी बदकाकडे जाण्याची नाही, बदकाकडे दुर्लक्ष करण्याची द्यायची. कुत्र्याला बदक कंटाळवाणं वाटायला लागलं ना, की अर्धं काम झालं.

मग पट्टा लावून, कुत्रा भरपूर फिरून दमून आलेला असताना, त्याला खाली बसवायचं आणि बदकाला मोकळं सोडायचं. बदकाने ठरवायचं किती जवळ यायचं ते. बदकाला हातात धरून कुत्र्याच्या नाकाशी नेणं ही चूक खूप जण करतात, धरलेलं बदक पंख फडफडवतं आणि फडफड म्हणजे कुत्र्यासाठी सरळ आमंत्रणच. पाच मिनिटं पुरेत. काहीतरी बिघडायच्या आधी थांबायचं, चांगलं चाललंय तोवरच.

‘थांब’ आणि ‘सोड’ हे दोन शब्द कुत्र्याला आधीच पक्के आलेले हवेत, बदक समोर असताना शिकवायला घेऊ नका.

बदकाचं पिल्लू असेल तर अजून जपा. पहिल्या आठवड्यात पिल्लाला साधारण ३२ अंशांच्या आसपास ऊब लागते, नंतर दर आठवड्याला ती थोडी थोडी कमी करत न्यायची, त्यामुळे ओळखीच्या नादात त्याला उबेतून फार वेळ बाहेर ठेवू नका.

कुत्रा तासनतास बदकाकडे टक लावून बघतो, किती प्रेम आहे ना?

हे प्रेम नसण्याची शक्यता जास्त आहे. अंग ताठ, तोंड बंद, मान पुढे, पापणी हलत नाही, हाक मारली तरी कान वळत नाही, असं बघणं म्हणजे शिकारीचा पहिला टप्पा. शेपटी हलतेय म्हणून फसू नका, ताठ उभी शेपटी भराभर हलते ती उत्तेजनेनं. मैत्रीतला कुत्रा ढिला असतो. बघतो, मान वळवतो, जांभई देतो, जमीन हुंगतो, कुशीवर पडतो. ताठरपणा दिसला की हाक मारून लक्ष वळवा, आणि नाहीच वळलं तर त्या दिवशीचं तिथेच थांबवा.

बदकाला आवडतंय हे कसं ओळखायचं?

हा प्रश्न मला एका मुलीने विचारला होता, दहा-बारा वर्षांची असेल, आणि मला इतका आनंद झाला कारण मोठं माणूस कोणी हे विचारत नाही.

घाबरलेलं बदक मान उंच आणि सरळ करतं, पिसं अंगाला घट्ट चिकटवून बारीक दिसायला लागतं, एका जागी थिजतं किंवा चोच उघडी ठेवून धापा टाकतं. खाणं थांबवतं. आवाज एकदम बंद होणं हेही वाईट लक्षण आहे, शांत बसलंय म्हणजे निवांत आहे असं नसतं. निवांत बदक कुत्र्यासमोर पिसं साफ करतं. शेपटीच्या वरच्या तेलाच्या ग्रंथीत चोच घासायची आणि ते तेल सगळ्या अंगभर लावायचं, हे काम करताना त्याचं लक्ष आजूबाजूला कमी असतं, म्हणून भीती वाटत असेल तर ते हे करतच नाही. एक पाय पोटात घेऊन उभं राहणं, शेपटी हलवणं, मान खालीवर करत बारीक आवाजात बोलत जवळ येणं, ही सगळी आपलेपणाची लक्षणं.

आणि डोळा बघा. बदक अर्धा मेंदू जागा ठेवून झोपू शकतं. १९९९ मध्ये मॅलार्ड बदकांवरचा अभ्यास छापून आला होता, रांगेत झोपलेल्या बदकांपैकी मधली बदकं बरेचदा दोन्ही डोळे मिटून झोपतात, पण कडेचं बदक बाहेरच्या बाजूचा डोळा उघडा ठेवतं, म्हणजे जिकडून धोका येईल असं वाटतं तिकडचा. हे वाचल्यापासून मी पमीला झोपताना बघायला लागले. सुरुवातीला ती काळूपासून चार हातांवर बसायची आणि काळूकडचा डोळा उघडा असायचा, पिवळट पापणी खालून वर यायची, अर्धी मिटायची आणि परत उघडायची. कित्येक आठवडे असंच चाललं होतं. मग एका दुपारी ती त्याच्या पोटाला टेकून बसली, चोच पाठीच्या पिसांत खुपसली, आणि काळूकडचा डोळा मिटलेला होता. बाहेरचा उघडा. म्हणजे आता धोका जगाकडून होता, काळूकडून नव्हता. माझ्यासाठी त्यांची मैत्री त्या दिवशी झाली, त्याआधी मी कितीही फोटो काढले असले तरी.

आमची कुत्री बदकाच्या पिल्लांना चाटते, जवळ घेते, आईच झालीये. राहू द्यायचं ना?

थोडा वेळ, समोर बसून. पण दोन गोष्टी बघा. एक, पिल्लाची लव चाटून चाटून ओली झाली की त्याला थंडी भरते, आणि आईविना वाढणाऱ्या पिल्लाच्या लवेवर तेलाचा थरही पुरेसा नसतो. दुसरं, कुत्री माजावर येऊन गेली होती का ते आठवा. माजानंतर साधारण सहा ते नऊ आठवड्यांनी काही कुत्र्यांना खोटं गाभणपण येतं, तेव्हा त्या खेळणीसुद्धा पिल्लं समजून सांभाळतात, दूधही येतं. अशा वेळी बदकाची पिल्लं मिळाली तर ती जीव लावते खरी, पण तुम्ही उचलायला गेलात तर गुरगुरेल, पिल्लू तोंडात धरून दुसरीकडे नेईल, आणि ही अवस्था ओसरली की तिचं वागणं एकदम बदलू शकतं. डॉक्टरांना दाखवून घ्या.

बदकाला कुत्र्याची सोबत आहे, मग दुसरं बदक कशाला?

हवंच. कुत्रा कितीही चांगला असला तरी तो बदकाची भाषा बोलत नाही, पाण्यात डोकं बुडवून अंगावर पाणी उडवत नाही, मानेमागची पिसं नीट करत नाही. बदक कळपात राहणारा प्राणी आहे. मी पहिलं वर्ष पमीला एकटीला ठेवलं आणि मला वाटायचं काळू आहे की, पण आम्ही काळूला फिरायला घेऊन गेलो की ती दाराशी उभी राहून तो परत येईपर्यंत ओरडत राहायची, मादीचा आवाज मोठा असतो, लांबपर्यंत ऐकू यायचा. ते ऐकून मला कळलं की हे नुसतं प्रेम नाहीये, तिच्याकडे दुसरं कोणीच नाहीये. नंतर अजून दोन माद्या आणल्या आणि ते ओरडणं पंधरा दिवसांत थांबलं. काळूशी मैत्री कमी झाली का? अजिबात नाही. दुपारी ती अजूनही त्याच्याकडेच येते.

एकमेकांचं खाणं खाल्लं तर?

कधीतरी चार दाणे इकडे तिकडे झाले तर काही होत नाही, पण रोजचं नको. कुत्र्याचं खाद्य बदकासाठी बनलेलं नसतं, आणि बदकाच्या वाढत्या पिल्लाला नायसिन नावाचं जीवनसत्त्व कोंबडीच्या पिल्लापेक्षा जास्त लागतं, ते कमी पडलं की पाय वाकतात, सांधे सुजतात. म्हणून पिल्लू लंगडायला लागलं की लगेच कुत्र्याने पाय दिला असेल असं समजू नका, आधी खाणं तपासा.

उलट बाजूने धोका आहे तो औषधी खाद्याचा. कोंबड्यांच्या काही खाद्यांत कॉक्सिडिओसिस या आतड्याच्या आजारासाठी मोनेन्सिन किंवा लॅसॅलोसिड हे औषध असतं, ते कुत्र्याला विषारी आहे. पिशवीवरचं वाचा आणि पिशवी कुत्र्याला पोचणार नाही अशी ठेवा.

जेवताना दोघांना वेगळंच करा. आमचा काळू पमीला अंगावर चढू देतो पण हाड चघळत असताना तिने चोच घातली तर तो गुरगुरतो, आणि त्यात त्याची चूक नाही.

पाण्याचं भांडंही वेगळं. बदकाला नाकपुड्या आणि डोळे बुडतील एवढं खोल पाणी लागतं आणि ते पाच मिनिटांत चिखल करतं, कुत्र्याने ते प्यावं असं मला वाटत नाही.

कुत्रा बदकाची शी खातो, काय करू?

रोज उचला, दुसरा इलाज नाही. बदक दिवसभर थोड्या थोड्या वेळाने शी करत असतं त्यामुळे सगळी उचलून होणार नाही, पण दोघं जिथे सोबत बसतात ती जागा तरी स्वच्छ ठेवा. त्यातून साल्मोनेला, कॅम्पायलोबॅक्टर असे जंतू कुत्र्याला आणि मग घरातल्या माणसांना लागू शकतात. लहान मुलं असतील तर हात धुण्याची सवय लावाच.

बर्ड फ्लूचं काय?

भीती बाळगायची नाही पण काळजी घ्यायची. एच५एन१ पक्ष्यांचा आजार असला तरी कुत्र्याला होऊ शकतो, कॅनडात २०२३ मध्ये एक पाळीव कुत्रा मेलेल्या रानहंसाला चावल्यावर या आजाराने गेला. म्हणून कुत्रा बाहेर फिरताना मेलेल्या पक्ष्याला तोंड लावणार नाही हे बघा, बदकं आणि रानपक्षी एकाच डबक्यात पाणी पिणार नाहीत हे बघा. घरात बदक अचानक मेलं, किंवा दोन-तीन एकदम सुस्त झाली, तर कुत्र्याला लगेच लांब करा आणि पशुवैद्यकांना कळवा. मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने उचलू नका.

पिसवा-गोचिडीचं औषध लावल्यावर दोघांना एकत्र ठेवलं तर चालेल का?

नको. हा धोका लोकांच्या लक्षातच येत नाही, माझ्याही आला नव्हता. बदक कुत्र्याच्या केसांत चोच घालून चावत बसतं, मानेजवळ तर हमखास, आणि औषध नेमकं तिथेच लावलेलं असतं. औषध पूर्ण सुकेपर्यंत, शक्यतो दोन दिवस, दोघांना वेगळं ठेवा, आणि डॉक्टरांना सांगाच की घरात बदक आहे, ते वेगळा पर्याय सुचवू शकतात.

नर बदक कुत्र्याच्या मागे लागतं, चावतं, अंगावर चढतं. हे काय आहे?

विणीच्या दिवसांत होतं असं. पिल्लूपणात कुत्र्याची छाप बसली असेल तर मोठं झाल्यावर नर कुत्र्यालाच जोडीदार समजून मागे लागतो. बघणारे हसतात, पण कुत्र्याला त्रास होतो आणि एक दिवस तो वैतागून झडप घालतो, बदकाला ती एक झडप पुरते. त्या दिवसांत वेगळं ठेवा आणि नराला पुरेशा माद्या आहेत ना ते बघा. नर ओळखायची खूण म्हणजे शेपटीवरची वर वळलेली पिसं आणि बसका आवाज.

बदकाची खूप पिसं पडलीयेत, कुत्र्याने ओढली असतील का?

बहुतेक नाही. बदकं वर्षातून एकदा तरी पिसं टाकतात आणि पंखांची मोठी पिसं तर एकदमच पडतात. कातडी लाल, सुजलेली किंवा जखम दिसली तरच शंका घ्या. पण या दिवसांत बदक चिडकं असतं, नव्या पिसांत रक्त असतं आणि ती दुखतात, तेव्हा कुत्र्याला थोडं लांबच ठेवा.

कुत्र्याने बदकाला तोंडात धरलं पण रक्त नाही आलं. डॉक्टरकडे न्यायची गरज आहे का?

हो, त्याच दिवशी. कुत्र्याच्या तोंडातले जंतू, त्यात पाश्चुरेला मुख्य, पक्ष्याला फार लवकर मारतात आणि सुळ्याचं छिद्र पिसांखाली दिसतच नाही. अँटिबायोटिक लागू शकतं, ते डॉक्टरांनीच ठरवायचं. तोवर बदकाला अंधाऱ्या, उबदार, शांत खोक्यात ठेवा, पाणी जबरदस्तीने पाजू नका.

दाताशिवायही इजा होते आणि हे मी डोळ्यांनी बघितलंय. दुसऱ्या वर्षी काळूने खेळताना पमीच्या पाठीवर पंजा ठेवला, चावला नाही, गुरगुरला नाही, फक्त पंजा ठेवून शेपटी हलवत उभा राहिला. पमी जमिनीला सपाट झाली, चोच उघडी, आवाज नाही. मी धावत जाऊन त्याला बाजूला केलं तेव्हा ती कितीतरी वेळ उठली नाही. नंतर डॉक्टरांनी समजावून सांगितलं की पक्ष्यांना आपल्यासारखा श्वासपटल नसतो, छातीचं हाड खालीवर झालं तरच हवा आत येते आणि हवेच्या पिशव्यांतून फिरते. छाती दाबली की श्वास बंद. नाक-तोंड मोकळं असलं तरी बंद. पमी वाचली, पण त्या दिवसापासून आमच्याकडे पंजा वर उचलला की खेळ थांबतो, आणि घरी येणाऱ्या मुलांनाही मी सांगते की बदकाला घट्ट मिठी मारायची नाही.

दोघं तळ्यात एकत्र पोहले तर चालेल?

चालेल, पण पाण्यात कुत्र्याचा पाठलाग पटकन सुरू होतो आणि हाक ऐकू येत नाही, म्हणून लांब दोरी लावून सुरुवात करा. साचलेल्या, वास येणाऱ्या पाण्यात दोघांनाही नको. उन्हाळ्यात अशा पाण्यामुळे बोट्युलिझम, म्हणजे जंतूंच्या विषाची बाधा, होतो आणि बदकांची मानच लुळी पडते.

आता इतकी मैत्री झालीये, दोघांना एकटं सोडून बाहेर जाऊ का?

मी नाही जात. सात वर्षांनंतरही नाही. घरात कोणी नसेल तेव्हा आणि रात्री बदकं त्यांच्या बंद खुराड्यात, कडी दुहेरी, काळू बाहेर. काळूवर माझा विश्वास नाही असं नाहीये. पण फटाका वाजला, दुसरा कुत्रा आत शिरला, पमी घाबरून फडफडत पळाली, तर त्या एका क्षणात काळू काय करेल हे काळूलाही माहीत नाही. तो प्रसंग त्याच्यावर येऊच न देणं हे माझं काम आहे. त्याला त्यात ढकलायचं आणि मग ‘कुत्राच तो शेवटी’ म्हणायचं, हे मला पटत नाही.

कुत्र्याची खेळणीही तेव्हा उचलून ठेवा, फाटलेल्या खेळण्यातला कापूस, दोरा, पिपाणीचा तुकडा बदक गिळतं. चकाकणारे खिळे, तारा तर आधीच गिळतं.

दोघांतलं एक गेलं तर?

दुसऱ्याला जाणवतं. खाणं कमी होतं, नेहमीच्या जागी जाऊन उभं राहतं, बदक हाका मारतं. खाणं-पाणी, फिरण्याच्या वेळा अगदी नेहमीसारख्या ठेवा, आणि बदकाला बदकांची सोबत असेल तर सावरायला खूप मदत होते. लगेच नवीन प्राणी आणू नका, नव्या प्राण्याची ओळख पुन्हा पहिल्या आठवड्यापासूनच करून द्यावी लागते, जुना किती शिकलेला होता याचा त्याला काही उपयोग नसतो. बदक आठ-दहा वर्षं सहज जगतं, म्हणजे वयाने मोठ्या कुत्र्याबरोबर पिल्लू आणताना हा हिशोब आधीच मनात धरा.

काळू आणि पमी आता कसे आहेत?

काळू अकरा वर्षांचा झाला, मागचे पाय दुखतात आणि गेल्या वर्षापासून त्याला जवळजवळ ऐकू येत नाही. पूर्वी फाटक वाजलं की तो आधी उठायचा. आता पमी त्याच्या पोटाशी बसलेली असते, बाहेरचा डोळा उघडा, फाटक वाजलं की ती मान वर करते आणि उभी राहते. तिची ऊब बाजूला झाली की काळूला जाग येते, मग तो उठून ती जिकडे बघतेय तिकडे बघतो आणि भुंकायला लागतो.